लाखात एक



'लाखात एक' असं आपण कुणाला म्हणतो? ज्याचं अक्षर मोत्याच्या दाण्यासारखं असतं, जिचा आवाज ऐकून सगळी शाळा गप्प बसते, अशा मुलामुलींना! आजी तर आपल्या नातवाला उगाचच लाखात एक म्हणत असते, मग त्याला गणितात भोपळा का मिळालेला असेना! आज मात्र मी हे शब्द अगदी गणिताच्या तासाला वापरतात तशा अर्थानं वापरणार आहे. आजचा विषय आहे हृदयाच्या स्नायूचा आजार. आणि प्रश्न आहे, हा आजार मुलांमध्ये किती आढळतो?

असला प्रश्न कशाला, असं वाटलं ना? सांगते. मैदानावर खेळता खेळता एखादा तरणाबांड खेळाडू कोसळल्याची बातमी अधूनमधून येते. २६ जून २००३ या दिवशी फ्रान्समधल्या लियाँ शहरात कॅमेरून आणि कोलंबिया या देशांचा फुटबॉल सामना चालू होता. सामन्याच्या ७२व्या मिनिटाला कॅमेरूनचा मार्क-विव्हियन फो मैदानाच्या मधल्या वर्तुळात एकाएकी कोसळला. त्याला कुणी ढकललं नव्हतं, की बॉल लागला नव्हता. वय अवघं २८ वर्षं. डॉक्टरांनी खूप धडपड केली, पण तो वाचला नाही. नंतर तपासणीत कळलं की त्याच्या हृदयाचा स्नायू नको इतका जाड झालेला होता.

अशी बातमी आली की घराघरात काय होतं, ठाऊक आहे ना? "उद्यापासून धावायचं नाही!" असं आई बजावते. बाबा म्हणतात, "हल्ली लहान मुलांनाही हार्टचा त्रास होतो म्हणे!" आणि आपण रात्री पांघरुणात छातीवर हात ठेवून स्वतःचे ठोके मोजत बसतो. म्हणूनच म्हटलं, नुसतं घाबरण्यापेक्षा एकदा नीट मोजूनच पाहू.

स्नायू कुठे बिघडतो?

आधी एक गंमत करा. हाताची मूठ मिटा, उघडा, मिटा, उघडा. मिनिटाला सत्तर वेळा. दोन-तीन मिनिटांत हात भरून येईल आणि तुम्ही म्हणाल, "पुरे बाई!" आता विचार करा, तुमच्या मुठीएवढंच असलेलं तुमचं हृदय हेच काम रात्रंदिवस करत असतं. मिनिटाला सत्तर ठोके धरले तर दिवसाचे किती होतात? करा गुणाकार. १ लाख ८००! म्हणजे रोजचे लाखभर ठोके आणि सुट्टी एकही नाही. रविवारची नाही आणि मे महिन्याची तर नाहीच नाही!

हे काम करतो हृदयाचा स्नायू. हृदयाच्या भिंती याच स्नायूच्या बनलेल्या असतात. या स्नायूतच बिघाड झाला की त्या आजाराला डॉक्टर 'कार्डिओमायोपथी' म्हणतात. नाव लांबलचक आहे, पण घाबरू नका, त्याचे तुकडे पाडू. ग्रीक भाषेत 'कार्डिया' म्हणजे हृदय, 'मायस' म्हणजे स्नायू आणि 'पॅथॉस' म्हणजे दुखणं. झालं की मराठी!

हा बिघाड मुख्यतः तीन तऱ्हांचा असतो. जुन्या चड्डीचं इलॅस्टिक ताणून ताणून सैल होतं ना, तसं काही मुलांचं हृदय फुगतं, भिंती ताणल्या जातात आणि रक्त ढकलण्याचा जोर कमी पडतो. मुलांमध्ये हाच प्रकार सर्वांत जास्त दिसतो. दुसऱ्या प्रकारात भिंती उलट जाड होत जातात. खोलीच्या भिंती आतल्या बाजूनं जाड होत गेल्या तर राहायला जागा किती उरेल? तसंच इथे रक्ताला जागा कमी उरते आणि कधी कधी ठोक्यांचा तालही बिघडतो. फोला हाच आजार होता. तिसरा प्रकार पहिल्या दोघांपेक्षा पुष्कळच विरळा. त्यात भिंती ताठ होतात. कोरा फुगा पहिल्यांदा फुगवताना गाल दुखतात, तसं या हृदयात रक्त भरायला त्रास होतो.

एक घोटाळा इथेच दूर करू. 'त्याच्या हृदयाला भोक आहे' असं आपण ऐकतो, तो आजार वेगळा. तो हृदयाच्या बांधणीतला जन्मजात दोष. असे बांधणीतले लहानमोठे सगळे दोष धरले तर दर हजार बाळांमागे आठ-नऊ बाळांत ते सापडतात आणि त्यांतले कित्येक आज बरे करता येतात. आपण बोलतोय ते स्नायूच्या आजाराबद्दल. तो याहून कितीतरी कमी आढळतो. पण कितीतरी म्हणजे किती?

तीन वानखेडे

आजार मोजायचा कसा? एखाद्या मोठ्या दवाखान्यात जाऊन रुग्ण मोजले तर चुकीचं उत्तर येईल, कारण तिथं लांबलांबून आजारी मुलंच आलेली असतात. लग्नाच्या मांडवात उभं राहून 'जगातली सगळी माणसं नटूनथटून असतात' असं म्हणण्यासारखंच ते! खरा आकडा हवा तर एक प्रदेश ठरवायचा, तिथली एकूण मुलं किती ते जनगणनेतून घ्यायचं आणि त्या प्रदेशातल्या प्रत्येक हृदयतज्ज्ञानं दरवर्षी नवं सापडलेलं प्रत्येक मूल वहीत नोंदवायचं. एकही सुटता कामा नये.

अमेरिकेत १९९० च्या दशकात डॉक्टरांनी अशी एक नोंदवही सुरू केली. स्टीव्हन लिपशुल्ट्झ नावाचे डॉक्टर तिचे प्रमुख. ईशान्येकडचा न्यू इंग्लंड हा भाग आणि टेक्सास, ओक्लाहोमा, आर्कान्सा ही राज्यं, असे दोन प्रदेश त्यांनी निवडले. १९९६ ते १९९९ या काळात त्यांच्याकडे ४६७ मुलांची नोंद झाली. भागाकार केल्यावर उत्तर आलं, दरवर्षी १ लाख मुलांमागे १.१३ नवे रुग्ण.

त्याच सुमाराला पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला, ऑस्ट्रेलियातही डॉक्टर हेच काम करत होते. त्यांनी १९८७ ते १९९६ अशी दहा वर्षं दहा वर्षांखालची मुलं मोजली. त्यांना सापडली ३१४ मुलं. दरवर्षी लाखामागे १.२४! दोन्ही लेख २००३ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसीन' या प्रसिद्ध नियतकालिकात एकाच अंकात छापून आले. दोन खंडांवर, वेगवेगळ्या माणसांनी मोजलं आणि उत्तरं मात्र जवळजवळ जुळली. परीक्षेत उत्तर शेजाऱ्याशी जुळलं तर सर संशय घेतात. विज्ञानात मात्र असं जुळलं की विश्वास वाढतो!

आता लाख म्हणजे किती हे डोळ्यांपुढे आणा. मुंबईच्या वानखेडे स्टेडियममध्ये साधारण ३३ हजार माणसं बसतात. अशी तीन वानखेडे स्टेडियम फक्त शाळकरी मुलांनी खच्चून भरली आहेत, असं समजा. काय कल्ला होईल! त्या एवढ्या मोठ्या गर्दीत वर्षभरात एका मुलाला, फार तर दोघांना हा आजार नव्यानं सापडेल. म्हणून म्हटलं, लाखात एक.

तेव्हा परवा धावताना तुमच्या कुशीत कळ आली, किंवा खोकून खोकून छाती दुखली, म्हणून लगेच 'मला हार्टचा आजार झाला' असं समजू नका. मुलांच्या छातीत दुखण्याचं कारण बहुतेक वेळा हृदयात नसतंच. स्नायू आखडलेला असतो, बरगडीला मार बसलेला असतो किंवा पोटात पित्त झालेलं असतं.

एका आकड्याच्या पोटात

पण गणित इथे संपत नाही. १.१३ ही झाली सरासरी, आणि सरासरी मोठी लबाड असते बरं का! वर्गात एकाला ९५ आणि एकाला ५ गुण मिळाले तर सरासरी ५०. पण पन्नास गुण मिळालेला तर वर्गात कुणीच नाही! म्हणून अमेरिकेतल्या डॉक्टरांनी मुलांचे वयाप्रमाणे गट पाडले. तेव्हा दिसलं की एक वर्षाच्या आतल्या बाळांमध्ये हे प्रमाण लाखामागे ८.३४ आहे आणि एक ते अठरा वर्षांच्या मुलांमध्ये फक्त ०.७०. म्हणजे शाळेत जाणाऱ्या ताईपेक्षा पाळण्यातल्या बाळाला धोका बारा पट जास्त! मुलग्यांमध्ये प्रमाण १.३२ होतं, मुलींमध्ये ०.९२.

कळलं का मोजण्याचं महत्त्व? कुणाकडे अधिक लक्ष द्यायचं ते या आकड्यांनी दाखवलं. बाळाला काही बोलता येत नाही. 'मला दम लागतोय' असं ते कसं सांगणार? त्याचं सांगणं असं असतं: दूध पिताना ते पुन्हा पुन्हा थांबतं, कपाळावर घाम येतो, श्वास भराभर चालतो आणि वजन वाढत नाही. तुमच्या घरात लहान भावंड असेल तर त्याचे पापे घेता घेता एवढं पाहायला काय हरकत आहे?

नवे प्रवेश आणि पट

तुमच्यातला एखादा हुशार वाचक म्हणेल, "मावशी, जाड भिंतीचा आजार ५०० माणसांत एकाला असतो असं मी वाचलंय. मग लाखात एक कसा?" शाबास! दोन्ही खरं आहे. पण दोन्हीकडे मोजलंय वेगळं.

शाळेचंच बघा. यंदा शाळेत नव्यानं आलेली मुलं ६०, पण पटावरची एकूण मुलं ७००. लाखामागे १.१३ हा आकडा दरवर्षीच्या 'नव्या प्रवेशां'चा आहे. ५०० मध्ये एक हा आकडा 'पटा'चा आहे. तोही मोठ्यांच्या पटाचा. १९९५ साली अमेरिकेत २३ ते ३५ वर्षांच्या चार हजारांहून अधिक माणसांची सोनोग्राफीसारखी तपासणी झाली, त्यातून तो आला.

आणखी एक कारण आहे. जाड भिंतीचा आजार बहुधा आईकडून किंवा वडिलांकडून येतो. १९९० साली अमेरिकेत क्रिस्टीन आणि जोनाथन सीडमन या शास्त्रज्ञ दांपत्याच्या प्रयोगशाळेनं त्याच्यामागचं पहिलं जनुक शोधून काढलं. जनुक म्हणजे शरीर कसं बनवायचं त्याच्या पाककृतीतली एक ओळ असं समजा. ही ओळ चुकलेली असली तरी पदार्थ लगेच बिघडत नाही. बाळ जन्मतं तेव्हा हृदय अगदी व्यवस्थित दिसू शकतं. पुढे बारा-तेराव्या वर्षी मुलं ताडमाड वाढू लागतात, विजार दर सहा महिन्यांनी आखूड होते, त्या वयात भिंतही जाड व्हायला लागू शकते. म्हणून असा आजार घरात कुणाला असेल तर मुलांची तपासणी एकदाच करून भागत नाही. डॉक्टर सांगतील तेव्हा ती पुन्हा पुन्हा करायची असते.

केशानची गोष्ट

लाखात एक हा आकडा सगळीकडे, सगळ्या काळात सारखाच असतो का? नाही! आता तुम्हाला चीनची एक खरी गोष्ट सांगते.

चीनच्या ईशान्य कोपऱ्यात केशान नावाचा तालुका आहे. १९३५ साली तिथं हृदयाच्या स्नायूच्या एका आजाराची नोंद झाली. बळी जात होते लहान मुलं आणि तरुण आया. पुढे चीनच्या ईशान्येपासून नैऋत्येपर्यंतच्या एका लांबलचक पट्ट्यात हाच आजार दिसला. त्याला नाव पडलं केशान आजार. गंमत म्हणजे तो असायचा खेडोपाडी, स्वतःच्या शेतात पिकलेलंच धान्य खाणाऱ्या घरांत.

शोध घेता घेता शास्त्रज्ञ मातीपर्यंत पोचले. त्या पट्ट्यातल्या मातीत सेलेनियम नावाचं मूलद्रव्य फारच कमी होतं. मातीत नाही म्हणून धान्यात नाही, आणि धान्यात नाही म्हणून मुलांच्या अंगात नाही. आपल्याला ते अगदी चिमूटभराच्याही चिमूटभर लागतं, पण लागतं खरं.

१९७४ साली सिचुआन प्रांतातल्या मियेननिंग तालुक्यात एक मोठा प्रयोग झाला. एक ते नऊ वर्षांच्या ४५१० मुलांना आठवड्यातून एकदा सेलेनियमची गोळी दिली. ३९८५ मुलांना तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी दिली. वर्षाच्या शेवटी पाहिलं तर साध्या गोळीवाल्या मुलांपैकी ५४ जणांना आजार झाला होता आणि सेलेनियमवाल्यांपैकी १० जणांना. पुढच्या वर्षी फरक आणखीच वाढला. मग शास्त्रज्ञांनी ठरवलं, पुरे झाली तुलना! १९७६ पासून सगळ्याच मुलांना गोळ्या सुरू झाल्या.

आता आपल्या तीन वानखेडेंकडे परत या. ३९८५ मध्ये ५४ म्हणजे लाखामागे किती? सुमारे १३५५! एकीकडे तीन स्टेडियममध्ये एक मूल, आणि दुसरीकडे तेराशेहून जास्त. स्नायू तोच आणि वयही लहानच. फरक पाडला मातीनं.

पण मग त्या भागातल्या सगळ्याच मुलांना आजार का झाला नाही? याचा एक धागा १९९० च्या दशकात अमेरिकेत उंदरांवर केलेल्या प्रयोगांत सापडला. सेलेनियम न मिळालेल्या उंदरांच्या अंगात एरवी निरुपद्रवी असलेला एक विषाणू शिरला, तो बदलला आणि थेट हृदयाच्या स्नायूवर चाल करून गेला. म्हणजे उपासमार आणि जंतू यांनी हातमिळवणी केली. म्हणून तर आई म्हणते ना, सगळ्या भाज्या खा! पण हे वाचून सेलेनियमच्या गोळ्या आणायला दुकानात पळू नका. ते जास्त झालं तर विषच.

अशीच एक हकिगत इंग्लंडची. २००८ साली तिथल्या डॉक्टरांनी १६ तान्ह्या बाळांबद्दल लिहिलं. ही बाळं हृदय फुगून, अगदी अत्यवस्थ होऊन दवाखान्यात आली होती. त्यांची कुटुंबं भारतीय उपखंडातली किंवा आफ्रिकी वंशाची. सावळ्या त्वचेला ड जीवनसत्त्व बनवायला ऊन जास्त लागतं आणि इंग्लंडमध्ये तर ऊन कमीच! ड जीवनसत्त्व नाही म्हणून रक्तात कॅल्शियम नाही, आणि कॅल्शियमशिवाय हृदयाचा स्नायू आवळला जात नाही. कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व दिल्यावर वाचलेल्या बाळांची हृदयं महिन्यामहिन्यानं सुधारत गेली. कारण सापडलं की आजाराची वाट अडवता येते, ती अशी.

सगळ्यांचंच कारण सापडतं असं नाही. २००६ साली अमेरिकेतल्या त्याच नोंदवहीतली, हृदय फुगलेली १४२६ मुलं तपासली, तेव्हा दर तिघांपैकी दोघांच्या आजाराचं कारण हाती लागलेलं नव्हतं. ज्यांचं लागलं, त्यांच्यात विषाणूंमुळे हृदयाच्या स्नायूला आलेली सूज हे सर्वांत मोठं कारण होतं.

आपल्याकडे

"लाखात एक म्हणजे काहीच नाही!" असं कुणी म्हणालं तर त्याला आपल्या देशाची लोकसंख्या सांगा. भारतात अठरा वर्षांखालची मुलं ४० कोटींहून जास्त आहेत. अमेरिकेचाच दर धरला तरी ४० कोटींमागे वर्षाला साडेचार हजार नवे रुग्ण होतात. हा नुसता गुणाकार आहे, मोजणी नव्हे. पण लाखात एक हा आकडा आपल्या देशात आला की केवढा होतो, ते यातून कळेल. साडेचार हजार मुलं म्हणजे सहा-सात शाळांचा अख्खा पट!

हैदराबादला 'सीसीएमबी' नावाची पेशी आणि जनुकांवर संशोधन करणारी मोठी संस्था आहे. तिथल्या डॉ. थंगराज यांच्या गटानं २००९ साली दाखवलं की हृदयाच्या स्नायूच्या एका जनुकातली २५ अक्षरं गळालेली माणसं आपल्याकडे शंभरात चार आहेत! एवढ्यांना आजार असतो का? नाही, नाही. यातली बहुतेक मुलं तुमच्यासारखीच हुंदडत असतात. या बदलामुळे मोठेपणी हृदय अशक्त होण्याचा धोका वाढतो असं तेव्हा दिसलं. नंतरच्या संशोधनात असंही दिसलं की यातल्या काही जणांच्या जनुकात आणखी एक बदल सोबतीला असतो आणि खरा त्रास त्याचा असू शकतो. विज्ञान असं हळूहळू, स्वतःचीच वही तपासत पुढे जातं.

आणि एक गोष्ट तुमच्या हक्काची. २०१३ साली आपल्याच पालघरला 'राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम' सुरू झाला. त्यात अंगणवाडीतल्या आणि सरकारी शाळांतल्या मुलांची तपासणी करायला डॉक्टरांचं पथक येतं. त्या दिवशी शाळा बुडवायची नाही! आणि डॉक्टरांनी विचारलं, "धावताना काही होतं का?" तर लाजून मान हलवायची नाही, खरं सांगायचं.

कधी सांगायचं?

पुढचं नीट वाचा. हवं तर कात्रण काढून ठेवा. यातलं काही झालं तर त्याच दिवशी घरी सांगायचं:

१. धावताना, पोहताना, खेळताना शुद्ध हरपली. प्रार्थनेच्या रांगेत उपाशीपोटी, उन्हात उभं राहून चक्कर येणं पुष्कळ मुलांना होतं. त्यात बहुधा हृदयाचा दोष नसतो. पण पळता पळता कोसळणं वेगळं. तिथं 'काही नाही, ऊन लागलं' म्हणून सोडून द्यायचं नाही.

२. खेळताना छातीत दुखलं, किंवा न खेळताच छातीत खूप धडधडलं आणि डोळ्यांपुढे अंधारी आली.

३. पूर्वी सहज चढायचात तो जिना आता चढवत नाही. मित्र पुढे निघून जातात आणि तुम्ही कठड्याला धरून उभे.

४. पावलांवर किंवा डोळ्यांखाली सूज येते, आडवं झालं की श्वास लागतो.

यातलं काही झालं म्हणजे आजार आहेच असं मुळीच नाही. तपासणी साधी असते. छातीला चिकट पट्ट्या लावून ईसीजी काढतात आणि सोनोग्राफीसारखी इकोची तपासणी करतात. सुई नाही, दुखणं नाही. पडद्यावर आपलं हृदय उड्या मारताना दिसतं, ते पाहायला तर मजाच येते!

आणि एखादा मित्र मैदानावर कोसळला, हाक मारून हलला नाही, श्वास नीट घेत नसला, तर? मोठ्यानं ओरडून मोठ्या माणसांना बोलवा. कुणाला तरी १०८ वर फोन करायला सांगा. मोठ्यांपैकी कुणीतरी लगेच त्याच्या छातीच्या मधोमध दोन्ही तळहातांनी जोरात, मिनिटाला १०० ते १२० वेळा दाबत राहायचं, रुग्णवाहिका येईपर्यंत. सातवी-आठवीच्या पुढच्या मुलांनाही हे शिकता येतं. शाळेत हे शिकवायला सांगा. कांदा नाकाला लावण्यात वेळ घालवू नका.

आई-बाबांसाठी

हा भाग मुलांनी वाचून दाखवायचा आहे.

आपल्या घराण्यात कुणी ऐन तारुण्यात, धडधाकट असताना अचानक गेलं आहे का? 'झोपेतच गेला', 'नजर लागली', 'पोहता येत असून बुडाला' अशा आठवणी पुष्कळ घरांत दबक्या आवाजात सांगितल्या जातात. त्या डॉक्टरांना मोकळेपणानं सांगा. जाड भिंतीचा आजार आईला किंवा वडिलांना असला तर प्रत्येक मुलात तो उतरण्याची शक्यता नाण्याच्या छापा-काट्याएवढी, म्हणजे निम्मी असते. यात कुणाचा दोष नाही. सुनेचा नाही आणि जावयाचाही नाही. म्हणून एका मुलात असा आजार निघाला की भावंडांचा आणि आईवडिलांचाही इको करून घ्यायचा.

हा आजार विरळा असला तरी किरकोळ नाही. हृदय फुगलेल्या मुलांचा अमेरिकेत पाठपुरावा केला, तेव्हा दोन वर्षांत पाचांपैकी साधारण एकाचं हृदय पुन्हा नेहमीसारखं झालेलं आढळलं. निम्म्यांच्या बाबतीत मात्र दुसरं हृदय बसवावं लागलं किंवा ती मुलं वाचली नाहीत. हा आकडा लपवण्यात अर्थ नाही, कारण वेळेवर गेलं तर औषधं देता येतात, ठोक्यांवर नजर ठेवणारं यंत्र बसवता येतं, कोणता खेळ चालेल आणि कोणता नाही हे ठरवता येतं. 'मोठा झाला की सुटेल' म्हणून वाट पाहण्याचा हा आजार नव्हे.

पण मूल ठणठणीत असेल, घरात तसा इतिहास नसेल, तर कृपा करून त्याचं मैदान बंद करू नका. तीन स्टेडियममधल्या एका मुलाच्या भीतीनं बाकीच्या नव्व्याण्णव हजार नऊशे नव्व्याण्णव मुलांना घरात बसवलं तर त्यांच्या हृदयांचं आपण भलं करतोय की वाईट?

जाता जाता

तुमच्या वर्गात कुणी पी.टी.च्या तासाला झाडाखाली बसून राहत असेल. त्याला 'आळशी', 'नाटकी' म्हणून चिडवण्याआधी थोडं थांबा. जवळ जाऊन नुसतं बसा. त्याला धावायची परवानगी नसेल, पण गुण लिहायला, पंच व्हायला, ओरडून ओरडून तुम्हाला जिंकवायला तर आहेच की! आजारपणात 'लाखात एक' असणं त्यानं मागून घेतलेलं नाही. मैत्रीत 'लाखात एक' होणं मात्र तुमच्या हातात आहे.

आता या आठवड्याचं गणित. एका जिल्ह्यात अठरा वर्षांखालची १२ लाख मुलं आहेत. दरवर्षी लाखामागे १.१३ या दरानं तिथं पाच वर्षांत किती नवे रुग्ण सापडतील? आणि दुसरा प्रश्न जरा डोकं खाजवायला लावणारा: तीन वानखेडे स्टेडियम फक्त एक वर्षाच्या आतल्या बाळांनी भरली तर वर्षात किती? (आणि तिथला आवाज किती, हेही सांगा!) उत्तरं पोस्टकार्डावर पाठवा. बरोबर उत्तरं पुढच्या अंकात.

तोवर भरपूर खेळा, दमलात तर सांगा.

तुमची,
डॉक्टरमावशी